ताऱ्यांचे काळोखे माहेर

वाशीम हे नगर एके काळी वत्सगुल्म या नावाने ओळखले जात असे आणि वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ती राजधानी होती, हे आज आमच्या जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु हे ज्ञान फार जुने नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात या शाखेतील राजांची नावे कोरलेली होती. मात्र लेख झिजलेला होता आणि ही नावे वाकाटकांच्या मुख्य शाखेतीलच असावीत, अशी वाचणाऱ्यांची समजूत होती. १९३९ च्या सुमारास वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला आणि इतिहासाच्या पटावर जेथे काहीच नव्हते, तेथे एक संपूर्ण राजशाखा उभी राहिली. ती जागा कधीच रिकामी नव्हती. ती केवळ झाकलेली होती.

रिकामी जागा आणि झाकलेली जागा यांतील हा भेद आकाशाच्या बाबतीत कळण्यास मनुष्याला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. प्रस्तुत लेखात तीच हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत. तीत रोमचे येशूसंघीय धर्मगुरू आहेत, पुण्याचे एक पारशी प्राध्यापक आहेत आणि जुन्नर तालुक्यातील खोडद हे गावही आहे. त्याबरोबरच आमची स्वतःची एक चूकही आहे. ती प्रथम सांगितलेली बरी.

पुष्कळ वर्षांपूर्वी धर्मग्रामातील मुलांचे उन्हाळी शिबिर भरले होते. वीज गेलेली. मुले गच्चीवर अंथरुणे टाकून पडली होती. मध्यरात्र उलटून गेली तरी उकाड्याने कोणालाच झोप येत नव्हती. दक्षिणेस वृश्चिक राशीचा आकडा स्पष्ट दिसत होता. ज्येष्ठेचा तांबूस तारा चमकत होता आणि तेथून वर पूर्वेकडे आकाशगंगेचा दुधी पट्टा पसरला होता. एका मुलाने विचारले, "फादर, आकाशगंगा मधेच फाटल्यासारखी का दिसते?" त्याने बरोबर पाहिले होते. आकाशगंगेच्या मधोमध एक लांबट काळी भेग असते आणि आमच्याकडील खेड्यांतून ती आजही नुसत्या डोळ्यांनी दिसते. आम्ही झोपेच्या भरात म्हणालो, "तिथे तारे नाहीत, म्हणून." मुलाचे समाधान झाले व तो झोपला. आमचे मात्र पुढे झाले नाही. कारण ते उत्तर चुकीचे होते, हे आम्हांला काही वर्षांनी वाचनात आढळले.

एवढेच समाधान, की ही चूक आमच्याआधी एका फार मोठ्या माणसाने केली होती. विल्यम हर्शल हा मूळचा जर्मन संगीतकार इंग्लंडात स्थायिक झाला होता. स्वतःच्या हातांनी घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून तो आकाशाचा पट्टा पट्टा तपाशीत असे आणि त्याची बहीण कॅरोलिन शेजारी बसून नोंदी करीत असे. अशाच एका रात्री वृश्चिकाच्या शरीरात त्याला एक विस्तीर्ण काळी जागा दिसली. सभोवार ताऱ्यांची दाटी आणि मध्ये जवळजवळ काहीच नाही. आकाशाला येथे खरोखर भोक पडले आहे, असे उद्गार त्याने त्या वेळी काढल्याचे कॅरोलिनने पुढे म्हातारपणी आपल्या पुतण्याला कळविले. या जागेच्या कडेलाच ताऱ्यांचा एक अतिशय दाट गुच्छ आहे. त्यावरून हर्शलने १७८५ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात अनुमान काढले, की येथील तारे कालांतराने ओढले जाऊन त्या गुच्छात गोळा झाले असावेत व मागे पोकळी उरली असावी. अनुमान तर्कशुद्ध होते. परंतु त्याच्या मुळाशी एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली होती: जे दिसत नाही, ते नाही.

हे गृहीतक पुढे सुमारे नव्वद वर्षे टिकून राहिले. त्याविषयी स्पष्ट शंका घेणाऱ्यांत रोमचे येशूसंघीय धर्मगुरू आंजेलो सेक्की यांचे नाव घ्यावे लागते. १८४८ च्या राजकीय उलथापालथीत येशूसंघीयांना रोम सोडावे लागले, तेव्हा सेक्की काही काळ इंग्लंडात व अमेरिकेत राहिले आणि परतल्यावर रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे संचालक झाले. संत इग्नेशियस यांच्या नावाच्या चर्चवर घुमट बांधावयाचा राहून गेला होता. त्यासाठी उभारलेल्या भक्कम आधारांवर त्यांनी आपली नवी वेधशाळा थाटली. खाली मिस्सा आणि वर दुर्बीण, असा तो प्रकार होता. सुमारे चार हजार ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांनी ताऱ्यांचे वर्ग पाडले. सूर्यप्रकाश लोलकातून गेल्यावर जसे रंग उलगडतात, तसेच ताऱ्याच्या प्रकाशाचेही उलगडतात; त्यांतील रेषांवरून तो तारा कोणत्या द्रव्याचा आहे ते ओळखता येते.

१८६४ साली विल्यम हगिन्स या इंग्रज संशोधकाने अशाच वर्णपटावरून दाखवून दिले होते, की आकाशातील काही तेजोमेघ हे दूरच्या ताऱ्यांचे पुंजके नसून खरोखरच वायूचे आहेत. सेक्कींनी त्यातून पुढचे पाऊल टाकले. अवकाशात चमकणारा वायू आहे, तर न चमकणारा का नसावा? मागच्या उजळ पार्श्वभूमीवर जे काळे डाग उठून दिसतात, त्यांना आजवर पोकळ्या मानण्यात आले. परंतु ते काळ्या द्रव्याचे ढग असण्याचाच संभव अधिक, असा अभिप्राय त्यांनी १८७७ साली लिहून ठेवला. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. तोवर रोम इटलीच्या नव्या राज्याची राजधानी झाले होते, आणि सेक्कींच्या मृत्यूनंतर ती वेधशाळा सरकारने ताब्यात घेतली.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही आकाशातील वायूचा शोध सुरू होणार होता, ही गोष्ट आपल्यांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला हे पारशी प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांनी १८८२ साली दिलेल्या पाच हजार रुपयांच्या देणगीत मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि त्यातून १८८८ साली पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तेथील वीस इंची आरशाची दुर्बीण पुढे कित्येक वर्षे भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

मृग नक्षत्रात तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक अंधुक धुरकट ठिपका दिसतो. तोच मृगातील प्रसिद्ध तेजोमेघ. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसे. ती कोणत्या द्रव्याची, याविषयी त्या काळी मोठा वाद चालू होता. तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि ती रेषा मॅग्नेशियमची, असे नॉर्मन लॉकियर या मान्यवर इंग्रज शास्त्रज्ञाचे मत होते. ते खरे असते तर रेषेची एक कड पुसट दिसावयास हवी होती. नायगमवालांनी पुण्याच्या आकाशातून ती रेषा वेगवेगळ्या प्रकारे तपासली आणि ती सदैव रेखीव दिसते, असे लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८९१ साली प्रसिद्ध केले. इतरांचे निरीक्षणही तसेच होते. ती रेषा अतिविरळ अवस्थेतील ऑक्सिजनची असल्याचे अखेर १९२७ साली सिद्ध झाले.

मृगातील तो उजळ मेघ म्हणजे त्याच्या मागे पसरलेल्या एका प्रचंड काळ्या, थंड ढगाची पेटलेली कड आहे, हे आज आपणांस ठाऊक आहे. नायगमवाला घराच्या उजळलेल्या खिडकीतून पाहत होते. मागचे अंधारे घर अजून कोणास दिसले नव्हते. १९१२ साली ते निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि ती दुर्बीण कोडाईकॅनालला गेली.

काळ्या ढगाचे प्रकरण पुढे नेले ते एडवर्ड एमर्सन बर्नार्ड या अमेरिकन निरीक्षकाने. त्याचे बालपण कमालीच्या दारिद्र्यात गेले. वयाच्या नवव्या वर्षापासून तो एका छायाचित्रकाराच्या दुकानात कामाला होता आणि तेथे शिकलेली कला त्याने पुढे आकाशगंगेला लावली. तासन्‌तास उघड्या ठेवलेल्या काचेवर आकाशगंगेचे असे तपशील उमटू लागले, की जे डोळ्याला कधी दिसले नव्हते. त्यांत असंख्य काळे डाग होते. ही भोके आहेत की ढग, याविषयी बर्नार्ड अनेक वर्षे साशंक होता. १९१३ च्या उन्हाळ्यात एका निरभ्र, चंद्रविरहित रात्री धनु राशीचे छायाचित्र घेत असता पृथ्वीवरचेच काही चिमुकले ढग आकाशगंगेच्या उजेडावर आले आणि ते शाईच्या थेंबांसारखे काळे दिसले. अवकाशातील डागही नेमके असेच दिसतात, हे त्याच्या मनाने घेतले. १९१९ साली त्याने अशा १८२ काळ्या आकृतींची यादी प्रसिद्ध केली. घाई न करणाऱ्या माणसाची ही यादी आजही वापरात आहे आणि त्यांतील ढग त्याच्याच नावाने व क्रमांकाने ओळखले जातात.

आता आमच्या दुसऱ्या चुकीकडे वळू. सेमिनरीत असताना आम्ही एका वहीत मोठ्या अभिमानाने लिहून ठेवले होते, की आकाशातील काळे मेघ एका धर्मगुरूने शोधून काढले, आणि हे वाक्य आम्ही पुढे तरुणांच्या मेळाव्यांतून ठासून सांगितलेही. आमच्या मनात होते ते सेक्की नव्हेत. ते होते फादर योहान गेओर्ग हागेन. परमगुरू लिओ तेरावे यांनी १८९१ साली व्हॅटिकन वेधशाळेची पुनःस्थापना केली. हागेन हे येशूसंघीय १९०६ पासून १९३० पर्यंत तिचे प्रमुख होते. त्यांच्याच कारकिर्दीत चार धर्मभगिनींनी छायाचित्रांच्या काचांवरून चार लाख एक्याऐंशी हजारांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजली. हे काम अचूक व चिरस्थायी ठरले. स्वतः हागेन मात्र रात्रीमागून रात्री दुर्बिणीला डोळा लावून आकाशाच्या पार्श्वभूमीच्या अंधुक छटा टिपत राहिले. आकाशाचे मोठमोठे भाग पुसट काळ्या मेघांनी व्यापलेले आहेत, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी त्यांच्या याद्या केल्या व त्या छापल्या. परंतु इतरांच्या छायाचित्रांत ते मेघ उतरेनात. थकलेल्या डोळ्याला उजळ भागाशेजारचा भाग काळसर भासतो, असे स्पष्टीकरण पुढे येऊ लागले. हागेन यांनी आपले मत सोडले नाही. १९३० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या यादीतील मेघ आज खगोलशास्त्रात मान्य नाहीत.

हे आम्हांस समजले तेव्हा मनाला लागले. एका प्रामाणिक, परिश्रमी धर्मगुरूची वर्षानुवर्षांची मेहनत वाया गेली, याचे दुःख तर होतेच. शिवाय ज्या गोष्टीची खातरजमा केली नाही ती केवळ 'आपल्या माणसाची' म्हणून आम्ही मिरवली, याची लाज अधिक होती. हर्शलला मेघ असून दिसला नाही. हागेन यांना नसून दिसला. चूक दोन्हीकडे होऊ शकते, आणि झग्याचा रंग पाहून ती कोणाला सोडत नाही. या संदर्भात आणखी एका धर्मगुरूचे स्मरण होते. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त मांडणारे बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांना, आपला सिद्धान्त उत्पत्तीच्या पुस्तकाचा पुरावा म्हणून वापरला जावा, हे मुळीच रुचत नसे. १९५१ साली परमगुरू पायस बारावे यांनी आपल्या भाषणात तशा अर्थाचा कल दाखविला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले होते. श्रद्धेला दुर्बिणीचा टेकू लागत नाही. आणि टेकू म्हणून घेतलेली काठी मोडली तर दोष काठीचा नसतो.

ज्या वर्षी हागेन निवर्तले त्याच वर्षी, १९३० साली, रॉबर्ट ट्रम्पलर यांनी प्रश्न कायमचा निकालात काढला. आकाशगंगेतील सुमारे शंभर तारकागुच्छ मोजून त्यांनी दाखविले, की दूरचे गुच्छ अपेक्षेपेक्षा अधिक मंद दिसतात. वाटेत काहीतरी प्रकाश अडवीत आहे. ते काहीतरी म्हणजे धूळ. चुलीच्या धुरातील कणांएवढे, किंबहुना त्याहूनही बारीक कण. ढगाच्या एकूण वस्तुमानात या धुळीचा वाटा जेमतेम शंभरावा. बाकी सारा वायू, आणि त्यात मुख्यतः हायड्रोजन. परंतु ढगाचा विस्तार इतका अफाट, की तेवढी धूळही मागचे तारे पार झाकून टाकते. भोक नव्हते, पडदा होता.

मग त्या पडद्याआड काय चालले आहे? १९४७ साली बार्ट बॉक व एडिथ रायली यांनी काही लहान, गोलसर व विशेष काळ्या मेघांकडे लक्ष वेधले आणि तारे जन्मण्यापूर्वीची ही अवस्था असावी, असे सुचविले. सिद्ध करण्यास मात्र साधन नव्हते. कारण डोळ्याला दिसणारा प्रकाश त्या मेघांतून बाहेरच येत नाही. साधन आले ते रेडिओ लहरींच्या रूपाने. १९४४ साली हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असता हेंड्रिक व्हान द हुल्स्ट या तरुणाने गणिताने दाखविले, की थंड हायड्रोजनच्या अणूतून २१ सेंटिमीटर लांबीची एक रेडिओ लहर निघाली पाहिजे. एका अणूला अशी लहर सोडण्यास सरासरी एक कोटी वर्षे लागतात. परंतु अणूंची संख्याच इतकी अगणित, की त्यांचा एकत्रित सूर ऐकू यावा. १९५१ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे तो प्रथम ऐकला गेला.

तरीही एक अडचण उरलीच. ढग जेथे अतिशय दाट व थंड होतो, तेथे हायड्रोजनचे अणू दोन-दोन मिळून रेणू बनतात आणि हा रेणू त्या थंडीत जवळजवळ मुका असतो. १९७० साली विल्सन, जेफर्ट्स व पेन्झियस यांना त्याच्या सोबत्याचा पत्ता लागला. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आपल्या परिचयाचा विषारी वायू. तो २.६ मिलिमीटर लांबीच्या लहरीवर बोलतो. अंधाऱ्या रात्री वरात चालली असता माणसे दिसत नाहीत, पण डोक्यावर गॅसबत्ती घेतलेल्या मोजक्या गड्यांवरून वरात कोठून कोठवर आहे ते कळते. तसा हा प्रकार. हायड्रोजनच्या सुमारे दहा हजार रेणूंमागे कार्बन मोनॉक्साइडचा एखादाच रेणू असतो. तेवढ्यावरून सारा ढग मोजता येऊ लागला.

त्या मोजणीतून निघालेले सत्य विलक्षण आहे. या ढगांच्या गाभ्याचे तापमान शून्याखाली सुमारे २६३ अंश सेल्सिअस असते. गाभ्यात दर घन सेंटिमीटरला दहा हजार ते काही लाख रेणू. ही दाटी ऐकून दचकू नये. आपण श्वास घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर अठरा शून्ये इतके रेणू असतात. असा विरळ ढग आकसून तारा कसा होतो? येथे दोन शक्तींची ओढाताण असते. गुरुत्वाकर्षण वायूला आत ओढते आणि उष्णता त्याला बाहेर ढकलते. वायू ऊबदार असेल तर तो फाकत राहतो व त्यातून काहीच निपजत नाही. तो कमालीचा थंड झाला, की बाहेर ढकलणारा जोर क्षीण होतो, गुरुत्वाकर्षण वरचढ ठरते आणि गाभा स्वतःच्याच भाराने कोसळू लागतो. जेम्स जीन्स यांनी या हिशेबाचे गणित १९०२ सालीच मांडून ठेवले होते. मग आत दाब वाढतो, उष्णता साठते आणि सूर्यासारखा तारा असेल तर काही कोटी वर्षांनी त्याच्या पोटात हायड्रोजनची भट्टी स्थिरपणे पेटते.

आता वायू इतका थंड राहतो कशामुळे? धुळीमुळे. ती इतर ताऱ्यांचा प्रकाश आत शिरू देत नाही. म्हणजे ज्या काळोखाला हर्शल पोकळी समजला, तो काळोख हीच ताऱ्याच्या जन्माची पूर्वअट आहे. आपल्याकडे मुलगी पहिलटकरीण असली म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी येते. माहेरची बाळंतिणीची खोली अंधारी असते, दारे-खिडक्यांना पडदे असतात आणि बाहेरच्या माणसाला तेथे काय चालले आहे त्याचा थांगपत्ता नसतो. ताऱ्यांचे माहेरही असेच काळोखे आहे. फरक एवढाच, की आपल्या माहेरी ऊब लागते आणि तेथे थंडी.

या शोधात महाराष्ट्राने पुन्हा एकदा भाग घेतला. शिवनेरीपासून फार दूर नाही अशा खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरल्याने खर्च पुष्कळ वाचला. २००१ साली ती जगभरच्या संशोधकांसाठी समर्पित करण्यात आली. स्वरूप २०२० साली पुण्यात निवर्तले. ही दुर्बीण २१ सेंटिमीटरचा सूर ऐकते, कार्बन मोनॉक्साइडचा नव्हे. म्हणजे तारे जेथे प्रत्यक्ष बनतात तो दाट गाभा तिला दिसत नाही, तर त्या गाभ्याला पुरवठा करणारा कच्चा माल दिसतो. आमच्या वऱ्हाडच्या भाषेत बोलावयाचे तर अणूंचा विरळ वायू हा कापूस, रेणूंचा थंड ढग हे सूत आणि तारा म्हणजे विणलेले कापड. खोडदची दुर्बीण कापसाच्या गंजीचा अंदाज घेते.

तो अंदाज तिने फार दुरून घेतला आहे. २०२० साली पुण्याच्या संशोधकांनी साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून, आठ अब्ज वर्षांपूर्वी त्यांत सरासरी किती हायड्रोजन होता हे मोजले. त्या काळी दीर्घिका तारे इतक्या वेगाने घडवीत होत्या, की त्यांच्याजवळचा वायू एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. पुढे विश्वात ताऱ्यांचे जन्म कमी होत गेले, त्याचे कारण यातून उलगडते: बाहेरून नवा वायू पुरेसा मिळाला नाही. कापूस संपला, की मागही थांबतो, हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावयास नको.

व्हॅटिकन वेधशाळेची परंपराही खंडित झालेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या संचालकपदी मूळ गोव्याचे येशूसंघीय फादर रिचर्ड डिसूझा यांची नेमणूक झाली. त्यांचे पदार्थविज्ञानाचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले आणि दीर्घिकांचे एकमेकींत होणारे विलीनीकरण हा त्यांचा अभ्यासविषय. ही वार्ता वाचून आम्हांला आनंद झाला. अभिमानही वाटला, परंतु पूर्वीच्या अनुभवामुळे तो आम्ही जरा बेतानेच बाळगतो.

आता हर्शलच्या भोकाकडे परत येऊ. ज्येष्ठेच्या निकटची ती काळी जागा म्हणजे वृश्चिक व भुजंगधारी यांच्या सीमेवरील एक प्रचंड थंड ढग होय. आपल्याला जवळ असलेल्या ताऱ्यांच्या जन्मस्थानांपैकी ते एक. अंतर सुमारे चारशे प्रकाशवर्षे. याचा अर्थ असा, की आज रात्री तेथून आपल्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला त्याच्या आगेमागे निघालेला आहे. जुलै २०२३ मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात घेतलेले या भागाचे चित्र प्रसिद्ध झाले. धुळीतून पार जाणाऱ्या त्या प्रकाशात सुमारे पन्नास कोवळे तारे दिसले. काहींच्या भोवती अजून जन्माची धूळ फिरत आहे आणि तीतून पुढेमागे ग्रहही घडतील. ज्या जागेला एका थोर निरीक्षकाने ताऱ्यांची ओस पडलेली वस्ती मानले, तेथे पाळणे हलत होते.

धर्मग्रामात काम करणाऱ्या माणसाला अशा जागा आकाशातच दिसतात असे नाही. मिस्सेला येऊन मागच्या बाकावर गप्प बसणारा वृद्ध, शाळेत कधीच हात वर न करणारी मुलगी, दुष्काळानंतर कोणाशी न बोलणारा शेतकरी. यांच्याविषयी 'तेथे काही नाही' असा निर्वाळा आम्ही किती सहज देऊन टाकतो! अर्थात हागेन यांची आठवण ठेवून हेही सांगितले पाहिजे, की प्रत्येक काळोखात काही तरी आहेच, असे आपल्या इच्छेने ठरविणे हीसुद्धा चूकच. दोन्ही चुकांवर उपाय एकच: पुन्हा पाहावे, वेगळ्या साधनाने पाहावे आणि इतरांनाही पाहू द्यावे.

गच्चीवरचा तो मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. नाताळात तो गावी आला असता आम्ही त्याला मुद्दाम थांबवून घेतले, त्या रात्रीचे आमचे उत्तर चुकले होते म्हणून सांगितले आणि ही सारी हकीकत ऐकवली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि हसून म्हणाला, "फादर, मी असं विचारलं होतं? मला तर आठवतसुद्धा नाही."

आम्हांला मात्र आठवते.